कानांनी शिकायचे विज्ञान

मुलांना विज्ञान शिकवायचे तर चित्रे, आकृत्या आणि प्रयोगाचे साहित्य हाताशी हवेच, अशी समजूत रूढ असल्यामुळे केवळ ध्वनीवर चालणाऱ्या नभोवाणीकडे या कामी दुय्यम साधन म्हणून पाहिले जाते. वास्तविक निसर्गातील कित्येक घटनांचा पहिला पुरावा कानांनाच मिळतो, आणि तो श्राव्य कथेतून, म्हणजे संवाद, आवाज व शांतता यांनी बांधलेल्या गोष्टीतून, मुलांच्या हाती देता येतो. आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद यांनी १९९१ पासून मानवाच्या उत्क्रांतीवरील शंभराहून अधिक भागांची मालिका १८ भाषांतून प्रसारित केली, त्यावरून या माध्यमाचा आवाका लक्षात यावा.

धाराशिव जिल्ह्यात अशा कथेसाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. वळवाच्या पावसात माळावर शेळ्या राखणाऱ्या दोन भावंडांपैकी बहिणीने “चमकली!” म्हणून ओरडावे, भावाने लगेच सेकंद मोजू लागावे आणि नऊ म्हणताच गडगडाट ऐकू यावा, एवढा प्रसंग पुरेसा आहे. विजेचा प्रकाश जवळजवळ तत्क्षणी दिसतो, आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तेव्हा वीज तीन किलोमीटरवर कडाडली, हे ऐकणारे मूल स्वतःच काढू शकते. त्या नऊ सेकंदांत पार्श्वसंगीत घालण्याचा मोह निर्मात्याने आवरला पाहिजे, कारण तेथे मोजणी हीच कथा आहे. मात्र अंतर कळले म्हणून धोका टळला असे होत नाही: गडगडाट ऐकू येतो तेथे वीज पडू शकते, झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावे, हेही गोष्टीतील माणसांच्या तोंडूनच आले पाहिजे.

याहून अवघड, पण अधिक निकडीचा विषय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा आहे. किल्लारी परिसरातील त्या भूकंपाने, ज्याची तीव्रता ६.२ मोजली गेली, लातूरबरोबर या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागही उद्ध्वस्त केला. “आजी, माळवदच का पडलं?” या नातवाच्या प्रश्नातून कथा पुढे न्यावी. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले धाबे. हादरा बसला की वजनाच्या प्रमाणात बल वाढते आणि मातीत बसवलेले, एकमेकांत न गुंतलेले दगड सुटे होऊन भिंत फुटते. भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी व दुय्यम लहरी मागून पोहोचतात, हे दोन वेगवेगळ्या ठोक्यांनी ऐकवता येईल, आणि त्यांतील वेळेवरून केंद्राचे अंतर काढण्याची रीत विजेच्या गोष्टीशी किती जवळची आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा कथा सर्वज्ञ ‘विज्ञानकाकां’मुळे बिघडतात. प्रत्येक प्रश्नाला त्यांचे तयार उत्तर असल्यामुळे मुलांना विचार करायला जागाच उरत नाही, शिवाय त्यांची पुस्तकी भाषा या भागातील बोलीला परकी वाटते. म्हणून उमरगा-लोहारा भागातील शिक्षकांनी वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुलांकडूनच, त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि त्यांतील शास्त्र जाणकारांकडून तपासून घ्यावे. या कामाला साधा मोबाइल पुरतो, पण तो भूकंप पाहिलेली पिढी आता वयाने उतरणीला लागली आहे.