मावशी, जरा बुडा ना!



आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी बादल्या, पिंपं, पातेली भरून होईपर्यंत घरची बाई दाराबाहेर पडत नाही. अशा या छत्रपती संभाजीनगरात आम्ही सहा जणी पहाटे उठून पोहायला जातो, म्हटल्यावर लोक हसणारच. आमच्यात एक शाळेतल्या बाई आहेत, एक ब्लाउज शिवणारी ताई, दोघी नोकरदार, एक नुकत्याच सासूबाई झालेल्या काकू आणि ६२ वर्षांच्या मावशी. सगळ्या पस्तिशीनंतर पोहायला शिकलो. आम्हाला पदकं नकोत, स्पर्धा नकोत. गुडघे आणि कंबर जागेवर राहावी, एवढ्यासाठी जातो.

पण गेल्या उन्हाळ्यापासून तलावावर आम्हाला 'हिरोइनी' म्हणतात. कारण आम्ही एका जाहिरातीत काम केलंय! जाहिरात शेतीच्या पाइपची. सिनेमा सुरू व्हायच्या आधी दाखवतात तसली, दहा-बारा सेकंदांची. त्यात आमचा वाटा तीन सेकंदांचा. तोही डोक्याला टोपी आणि डोळ्यांना गॉगल लावून. त्यामुळे निळ्या टोपीतली नेमकी कोण, यावर अजून आमचं एकमत नाही. काकूंच्या सूनबाई म्हणाल्या, "आई, मी तुमचा आवाज लगेच ओळखला." आवाज मुंबईच्या कुणा दुसऱ्याच बाईंचा लावलेला होता. आणि मानधन विचाराल, तर रिक्षाभाडं आणि एकेक प्लेट पोहे. पोहायला गेलो आणि पोहे खाऊन आलो, असं आम्ही इतक्यांदा सांगितलंय की घरी आता कुणी हसतसुद्धा नाही.

तसं म्हटलं तर पाण्यात उतरून पडद्यावर दिसणाऱ्या आम्ही काही पहिल्या मराठी बायका नव्हेत. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि केवढा गहजब झाला! १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. भारतीय नट्यांमध्ये तो मान पहिला त्यांचा. आमचे कॉस्च्युम तर मनगटापासून घोट्यापर्यंत अंगभर होते. तरी एकीच्या सासरी "आता हेच राहिलं होतं" हे वाक्य ऐकायला मिळालंच. तेच सासरे नंतर जाहिरात बघायला सिनेमाला गेले, आणि सिनेमा सुरू झाल्यावर उठून घरी आले.

आता जाहिरातीत होतं काय? एक बाई पाण्यात बुडते आहे, हात वर करून "वाचवा, वाचवा" ओरडते आहे. बाकीच्या घाबरल्या आहेत. तेवढ्यात काठावरून फेटेवाले शेतकरी दादा लांबलचक पाइप पुढे करतात, बाई तो धरते आणि बाहेर येते. म्हणजे पाइप किती मजबूत, बघा!

बुडायचं काम मावशींकडे आलं. आणि मावशींना बुडताच येईना. त्या हात वर करायच्या, ओरडायच्या, आणि दुसऱ्या क्षणाला आपोआप उताण्या होऊन तरंगायला लागायच्या. दिग्दर्शक मुलगा काठावरून हात जोडून म्हणतोय, "मावशी, जरा बुडा ना!" शेवटी मावशी म्हणाल्या, "अरे बाळा, न बुडायला शिकायला दोन वर्षं लागली. विसरायला निदान एक दिवस तरी दे." सातव्या वेळी एकदाचं जमलं.

तलावावरचे जीवरक्षक दादा हे सगळं बघत उभे होते. आमच्याबरोबर तेही हसले. पोहे खाताना मात्र म्हणाले, "ताई, एक सांगू? असं कुणी बुडत नसतं." आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे, मैत्रिणींनो.

खरं बुडणं शांत असतं. अमेरिकेतल्या फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून याचा अभ्यास केला. बुडणाऱ्याचं तोंड क्षणभर पाण्यावर येतं आणि पुन्हा खाली जातं. तेवढ्या वेळात श्वाससुद्धा पुरता घेता येत नाही, मग हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावताही येत नाही, कारण ते दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. अंग उभं असतं, पाय जवळजवळ हलत नाहीत, मान मागे गेलेली असते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोर पाण्यात खेळतंय. आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. ओरडणारा माणूसही संकटात असतोच, त्यालाही लगेच मदत हवी. पण ओरडतोय म्हणजे त्याला अजून श्वास मिळतोय. जो ओरडत नाही, त्याच्याकडे आधी बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. चारांतलं एक, पाच वर्षांच्या आतलं मूल. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी ठरवला. आपल्या मराठवाड्यात समुद्र नाही, पण विहिरी आहेत, बंधारे आहेत, पाझर तलाव आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हापासून शेततळीही वाढली. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की शेवाळ्यासारखा निसरडा. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्यावरून वर चढता येत नाही. आणि धुणं धुताना एक घसरते, तिला धरायला दुसरी उतरते, दुसरीला धरायला तिसरी, अशा बातम्या आपण किती वेळा वाचतो!

इथे मात्र त्या जाहिरातीतले फेटेवाले दादा अगदी बरोबर होते. त्यांनी उडी मारली नाही. काठावर राहून लांब वस्तू पुढे केली. आपणही तेच करायचं. काठी, बांबू, पाइप, दोर, जे मिळेल ते बुडणाऱ्याच्या हाताला लागेल असं धरायचं. काहीच नसेल तर आपली साडी आहे. चांगली पाच-साडेपाच मीटरची. ती अंगावर ओली झाली तर पायात गुंतते, पण काठावरून टाकली तर दोराचं काम करते. धरताना उभं राहायचं नाही. पोटावर पालथं पडायचं, म्हणजे आपण ओढले जात नाही. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकला, तर त्यावर माणूस तरंगून राहतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलटीवाटे श्वासनलिकेत जाऊ शकतं. लगेच १०८ला फोन करा. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं ताबडतोब सुरू करायचं. हे एकदा जाणकाराकडून शिकून घ्या, बचत गटाच्या बैठकीत एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवा. आणि माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

आज एवढं करा. शेततळं असेल तर चारी बाजूंनी खुंटीला दोर बांधून पाण्यात सोडा, दोराला हातभर अंतरावर गाठी मारा, म्हणजे धरून चढता येतं. शेजारी एक फुगवलेली ट्यूब ठेवा. विहिरीवर दोर कायम राहू द्या. पोरीबाळींना पोहायला शिकवा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. आणि स्वतःही शिका. वय आड येत नाही, हे मावशींनी दाखवलंय.

पाण्याजवळ खेळणारी मुलं दंगा करत असतील, तर करू द्या. ती एकदम गप्प झाली, तर हातातलं काम टाकून आधी तिकडे धावा.