जाहिरातीवर चालणारी वेबसाईट : विषय कोणता घ्यावा?

(प्रभागसंघाच्या देवळी येथील मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात एका मावशीनं विचारलं होतं, "का जी, तुमच्या गटाच्या वेबसाईटवर खरंच पैसे येतात का?" येतात. पण पहिलं दीड वर्ष हातात काही पडलं नाही, आणि चूक आमच्या विषयाची होती. तेच सांगायला उभी राहिली.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. आपण पानावर माहिती लिहितो. गूगलची अॅडसेन्स नावाची सोय आहे, ती त्या पानावर जाहिरात लावते आणि जाहिरातदार जे देतो त्यातला वाटा आपल्याला मिळतो. हिंदीला ही सोय 2014 मध्ये मिळाली, मराठीला त्यानंतर. पण शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. समजा, पान हजार वेळा पाहिलं की 40 रुपये. रोज 500 वेळा पाहिलं तर महिन्याला 15,000 वेळा झालं, म्हणजे 600 रुपये. शंभर डॉलर व्हायला वर्षाच्या वर! त्यात वेबसाईटच्या नावाचं आणि जागेचं वर्षाचं भाडं वेगळं. म्हणून ज्या ताईला वाटते की आज टाकलं अन् उद्या पैसे, तिनं पापडच लाटावे, मी खरं सांगते.

आमचा पहिला विषय होता "सगळंच". रांगोळी, उखाणे, भाज्या, घरगुती औषधं. माझी पोरगी म्हणे, "आई, हे दुकान किराण्याचं आहे का भांड्यांचं?" आता भाज्यांचंच घ्या. मधुरा बाचल 2009 पासून पाककृती दाखवून राहिल्या. त्यांच्यापुढं आमची वांग्याची भाजी कोण पाहणार? पण नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी पाहा. सत्तरीच्या वयात नातवाच्या मदतीनं "आपली आजी" चॅनल काढलं आणि 2020 मध्ये लाखावर लोक जोडले. भाज्या त्याच, पण त्यांनी आपल्या भागाची गावरान चव, आपला घरचा मसाला सोडला नाही. आमच्याजवळ तसं काही धरून ठेवलेलं नव्हतं.

मग म्हणलं, आपल्याकडं कापूस आहे, तर रोजचा भाव टाकू. लोक आले, पण एक आकडा पाहून निघून गेले. कालचं पान आज कामाचं नाही, आणि हंगाम संपला की सगळं सामसूम.

तिसऱ्यांदा आम्ही हुशारी केली. कर्ज, विमा, बँक या विषयांवर जाहिरातीचा दर जास्त असते. काहून, तर एक गिऱ्हाईक लागलं की त्या कंपनीला वर्षानुवर्षं व्याज नाहीतर हप्ता मिळते. गटाचं काम करून कर्जाची माहिती आम्हाला होतीच. चार पानं लिहिली. त्या वेळी जाहिराती एका दुसऱ्याच कंपनीच्या होत्या, तिचं नाव घेत नाही. पैसे साठताना दिसू लागले, आम्ही खूश.

अन् मग आमच्याच गटातल्या एका ताईनं, आमचंच पान वाचता वाचता, "पाच मिनिटांत कर्ज" या जाहिरातीवर बोट ठेवलं. अॅपनं आधार घेतलं, फोनमधले सगळे नंबर घेतले. हप्ता चुकला तर तिच्या भावाला, दिराला, शाळेच्या मास्तरांना फोन गेले. तिनं गटातून अंतर्गत कर्ज काढून ते फेडलं. तो ठराव प्रोसिडिंगमध्ये मीच लिहिला. लिहिताना कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं.

दोन बैठका वाद झाला. काही जणी म्हणाल्या, पानं काढून टाका. मी म्हणलं, माहिती खरी आहे, बायांना पाहिजे आहे, राहू द्या, पण त्यावर जाहिरात नको. तसंच केलं. ती पानं आजही आहेत, एक पैसा देत नाहीत. अॅडसेन्समध्ये नको त्या प्रकारच्या जाहिराती बंद करायची सोय आहे, तीही आम्ही लावली.

मग हळद घेतली. आपल्याच जिल्ह्यातली वायगावची हळद, समुद्रपूर तालुक्यातली. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यातल्या एकीचं माहेर त्या भागातलं. उकडणं, वाळवणं, घासून चकाकी आणणं तिच्या हातातलं काम. आम्ही कागद घेतला आणि बाया हळदीबद्दल काय काय विचारतात ते लिहिलं. बेणं किती लागते, करपा आला तर काय, उकडली हे कसं ओळखायचं, पावडरमधली भेसळ घरी कशी पाहायची. तासाभरात तीसच्या वर प्रश्न झाले. तुमच्या विषयाचे वीस प्रश्नही निघाले नाहीत तर तो विषय सोडा. मे-जूनमध्ये लागवड, जानेवारीपासून काढणी, मधात रोग-खत, म्हणून वर्षभर कुणी ना कुणी शोधतेच. आणि जाहिरात कोणाची येते? ठिबकवाल्यांची, गिरणीवाल्यांची, पॅकिंगच्या पिशव्यांची. ती पाहून कुणाचं घर बसत नाही.

गूगल ट्रेंड्स फुकट आहे. महाराष्ट्रात कोणता शब्द कोणत्या महिन्यात शोधतात ते त्यात दिसते. शब्द मराठीतही टाकून पाहा आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण आपली पोरं मराठी बोलतात पण टाइप तसंच करतात.

दोन गोष्टी राहिल्या. आपल्याच जाहिरातीवर आपण बोट ठेवायचं नाही, बहिणीलाही सांगायचं नाही, खातं बंद होते. खातं कोणाच्या नावानं आणि पैसा कसा वाटायचा, हा ठराव पहिल्याच दिवशी करा. दहा डॉलर झाले की घरी टपालानं पिनचं पत्र येते, पत्ता नीट लिहा. आम्ही पोरीचं शाळेतलं नाव दिलं होतं. गावात तिला त्या नावानं कुणी ओळखतच नाही, पत्र दोन घरं फिरून आलं.

ज्यांना विषय ठरवायचा आहे त्यांनी प्रश्नांचा कागद घेऊन जेवणानंतर या. मी त्या चिंचेखाली बसते.