माकड मेले, कुणाला कळवायचे?

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आज सीमाप्रश्नावर बोलावे अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. आम्ही सीमेवरच बोलणार आहोत, पण एका तापाच्या निमित्ताने. क्यासनूर जंगल ताप, म्हणजे आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात तो.

1957 साली शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास रानात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी पहिली धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपास केला, तेव्हा निघाला तो निराळाच, नवा विषाणू. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. अचानक जोराचा ताप, डोके आणि अंग ठणकणे, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. त्यावर खास असे औषध नाही. कर्नाटकात 1990 पासून लस दिली जात असे, पण तिचा गुण अपुरा पडतो असे दिसून आले आणि 2022 मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचे काम हाती घेतले आहे, पण काजूचा हंगाम लशीसाठी थांबत नाही.

कित्येक दशके हा ताप शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच राहिला. 2012 नंतर तो दूरवर दिसू लागला: बंडीपूर, निलगिरी, वायनाड, 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावी, 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात. सत्तरीत काजू वेचायला गेलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूरही त्यात सापडले. म्हादई, भीमगड, तिळारी ही राने एकमेकांना लागून आहेत. नकाशावर मात्र तीन राज्ये आहेत.

या तापाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. माणूस आजारी पडण्याआधी बहुधा माकड मरते. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळून पडतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून मेलेले माकड ही पहिली वर्दी. ती वेळेवर मिळाली तर त्या परिसरात कीटकनाशक भुकटी टाकता येते, लोकांना तिकडे जाण्यापासून रोखता येते. पण शवाचा नमुना ताजा असतानाच घ्यावा लागतो. कुजलेल्या माकडातून काही कळत नाही.

मागे एका हंगामात आमच्यापैकी काही जण नात्यातल्या एका बागेत गेलो होतो. ओहोळाच्या काठी वानर मरून पडले होते. आम्ही जंगल खात्याच्या कचेरीत फोन केला. तिथून उत्तर आले, जनावरांच्या डॉक्टरांना सांगा. डॉक्टर म्हणाले, आम्ही येऊ, पण आरोग्य खात्याचे पत्र लागेल. आरोग्य केंद्रात विचारले तर, माणूस आजारी आहे का? नाही ना, मग! चौथ्या दिवशी माणसे आली, तोवर वास सुटला होता. कुणी वाईट वागले असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाच्या नोंदवहीत माकडाला रकाना नव्हता, एवढेच.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. 2004 साली केंद्राने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. उपकेंद्रातील सेविका लक्षणांवरून नोंद करते, डॉक्टर संशयित रुग्णांची, प्रयोगशाळा निश्चित झालेल्यांची. पूर्वी आठवड्याला कागद जात, 2021 पासून हे काम संगणकावरील मंचावर आले. ही व्यवस्था चांगली आहे, आम्ही तिची बाजूच घेऊ. पण नोंद होते ती रुग्ण जिथे दवाखान्यात येतो तिथे. गोचीड चावल्यावर ताप यायला बहुधा तीन ते आठ दिवस जातात. मजूर सत्तरीच्या बागेत पालापाचोळ्यातून काजू वेचतो, तिथेच खोपटात झोपतो, हिशेब झाला की चोर्ला घाट चढून खानापूरला घरी जातो आणि ताप तिथे चढतो. रुग्ण खानापूरच्या वहीत, गोचीड सत्तरीच्या बागेत. दोन्ही वह्या एकत्र कुणी ठेवायच्या? तापाची साथ आली की अधिकारी एकमेकांना फोन करतात हे खरे. आम्हांला ते साथीपूर्वी हवे आहे, डिसेंबरात.

भाषेचाही प्रश्न यातच आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही जुनी तरतूद आपण शाळा आणि सातबाऱ्यासाठी उगाळत आलो. तापाच्या पत्रकासाठी कधी मागितली का? ज्या बाईने उद्या सकाळी रानात लाकडाला जायचे आहे, तिला वाचता येईल अशा भाषेत ते पत्रक असायला हवे. कन्नड पत्रक काढू नये असे आमचे म्हणणे नाही; शेजारी मराठी असावे.

तोवर घरी सांगण्याजोगे: मेलेल्या माकडाला हात लावू नका. रानात जाताना अंगभर कपडे, पायांत बूट. आरोग्य खाते वाटते ते डेपाचे तेल उघड्या अंगाला लावा. (हे डेपा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले, आपल्या तिकडच्या मंडळींनी ऐकून ठेवावे.) घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे धुवा. गोचिडीची पिले तिळाहून लहान असतात, दिसली नाहीत म्हणजे नाहीत असे समजू नका. आणि ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की कुठल्या रानात, कुठल्या बागेत, कुठल्या तारखेला होतो.

निवेदनात मागण्या दोनच आहेत. मेलेल्या माकडाची वर्दी घेणारा एकच दूरध्वनी क्रमांक तिन्ही राज्यांत चालावा, आणि सत्तरी, दोडामार्ग, खानापूर या तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची हंगामाआधी एकत्र बैठक व्हावी. तीन प्रती तीन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातील. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. सही करताना गावाचे नाव अवश्य लिहा, आणि यंदा तुमच्या शिवारात माकड मेलेले दिसले असेल तर त्याची तारीखही.