पडद्यावरील यंत्रमानव आणि त्यांच्या पुतळ्यांची पारख

एखाद्या इतिहासकालीन पुरुषाचा पुतळा घडविला म्हणजे तो त्याच्यासारखा उतरला आहे किंवा नाहीं, हें ठरविण्यास कांहीं तरी आधार असतो. त्याचीं तैलचित्रें असतात, छायाचित्रें असतात, निदान त्याला पाहिलेल्या माणसांनीं लिहून ठेविलेलीं वर्णनें तरी असतात. परंतु जो प्राणी या भूतलावर कधीं जन्मलाच नाहीं, जें यंत्र कोणत्याहि कारखान्यांत चाललें नाहीं, त्याचा पुतळा हुबेहूब आहे असें म्हणावयाचें तें कशावरून? प्रश्न पोरकट वाटेल. पण अमेरिका, जपान, हाँगकाँग इत्यादि ठिकाणीं विज्ञानकथांच्या चित्रपटांतील पात्रांचे पुतळे करून विकण्याचा मोठाच धंदा चालतो, आणि शेंकडों डॉलर मोजून ते घेणारे प्रौढ, सुशिक्षित संग्राहक जगभर पसरलेले आहेत. त्यांचा पैसा सार्थकीं लागला कीं पाण्यांत गेला, हें या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून आहे.

या पात्रांची कुलदेवता शोधूं गेल्यास ती जर्मनींत सांपडते. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट १९२७ च्या जानेवारींत बर्लिन येथें प्रथम दाखविला गेला. त्यांतील संशोधक रोटवांग हा एक स्त्रीरूपी यंत्रमानव निर्माण करितो आणि पुढें त्याला मारिया नांवाच्या, कामकऱ्यांचा विश्वास संपादन केलेल्या तरुणीचें रूप देतो. हा यंत्रमानव वाल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकारानें घडविला. मारियेची भूमिका करणारी नटी ब्रिगिटे हेल्म हिच्या सर्वांगाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्या मापावर त्यानें चिलखताचे भाग बेतले. पडद्यावर जें लखलखीत पोलाद दिसतें, तें पोलाद नव्हतेंच. लांकडांतील भेगा बुजविण्यासाठीं सुतार जो लगदा वापरतात, त्या जातीच्या लगद्याचें तें चिलखत होतें आणि त्यावर रुपेरी भुकटी मिसळलेलें रोगण चढविलेलें होतें. त्याच्या आंत शिरून उभें राहतांना त्या तरुण नटीचे अतोनात हाल झाले. मूळ कृति पुढें नाहींशी झाली. १९७० च्या दशकांत खुद्द शिल्पकारानेंच पॅरिस येथील चित्रपट-संग्रहालयासाठीं तिची प्रतिकृति करून दिली, तीहि मूळ कृति समोर नसतांना.

मग मारियेचा पुतळा घेणाऱ्यानें तो कशाशीं ताडून पाहावा? चित्रपट कृष्णधवल, त्यामुळें कोणी तिला रुपेरी करतो, कोणी काशाच्या रंगाची, तर कोणी चक्क सोन्याची. मूळ रोगणाची हकीकत ध्यानांत घेतां सोनेरी मारियेला फारसा आधार नाहीं. तो रंग बहुधा १९७७ च्या 'स्टार वॉर्स' मधील सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवाकडून मागें वाहत आला असावा. गंमत अशी कीं, त्या सी-थ्रीपीओचीं पहिलीं कल्पनाचित्रें मारियेवरूनच सुचलेलीं होतीं. म्हणजे नातवाचा रंग आजीच्या अंगास लावण्यासारखाच हा प्रकार झाला!

तथापि रंगाची चूक एक वेळ क्षम्य आहे, ढबेची नाहीं. मारिया आसनावरून उठते आणि सावकाश पावलें टाकूं लागते, तेव्हां तिच्या खांद्यांत व मानेंत यंत्राचा ताठरपणा असतो. पण त्या ताठरपणाच्या आंत एक जिवंत मुलगी तोल सांवरीत चालली आहे, हेंहि जाणवल्यावांचून राहत नाहीं. कांहीं पुतळ्यांत तिचे अवयव इतके रेखीव व पुष्ट केलेले असतात कीं, ती शोभेची बाहुली वाटते. कांहींत ती केवळ बंद पडलेलें यंत्र दिसते. या दोहोंमधली जी अवघडलेली अवस्था, ती ज्यानें पकडली त्यानें मारिया पकडली; मग त्याच्या चिलखतावरील एखादी पट्टी इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाहीं.

मूळ वस्तूशीं इमान राखावयाचें कीं पडद्यावरील पात्राशीं, हा पेंच गॉर्टच्या बाबतींत तर फारच उघड होतो. १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' या चित्रपटांतील हा प्रचंड रुपेरी यंत्रमानव साऱ्या जगाचा नाश करूं शकतो. त्याच्या पोशाखांत शिरलेला लॉक मार्टिन हा सात फुटांहून उंच असून हॉलिवूडमधील एका प्रसिद्ध चित्रपटगृहाचा द्वारपाल होता. पण अंगानें इतका नाजूक कीं, नायिकेला उचलून नेण्याच्या प्रसंगीं तारांचें साहाय्य घ्यावें लागलें. त्याच्यासाठीं रबराचे दोन पोशाख केलेले होते. एकाच्या नाड्या पुढून बांधावयाच्या, दुसऱ्याच्या मागून. समोरून चित्रण असेल तेव्हां दुसरा घालावयाचा व पाठमोरें असेल तेव्हां पहिला. पडद्यावर नाड्या कधींच दिसत नाहींत. म्हणून पुतळ्यावरहि त्या नसाव्यात हें उघड आहे. पण चालतांना गुडघ्यांशीं त्या रबराला ज्या सुरकुत्या पडतात, त्या मात्र प्रेक्षकांना दिसतात. त्यांचें काय करावयाचें? एक शिल्पकार त्या पुसून टाकून गुळगुळीत, अभेद्य धातूचा गॉर्ट उभा करतो. दुसरा सुरकुत्यांसह हुबेहूब पोशाख कोरतो. कथेचा कौल पहिल्याकडे आहे, कारण कथेंतील गॉर्टला सांधाच नाहीं. शिवाय गॉर्ट बहुतेक वेळ नुसता पहारा देत उभा असतो, आणि त्या निश्चल उभें राहण्यांतच त्याची सारी भीति सांठविलेली आहे. धांवणारा, हात उगारलेला गॉर्ट कितीहि कुसरीनें केला तरी तो गॉर्ट नव्हे.

आकारमानाचा विचारहि येथेंच केला पाहिजे. हे पुतळे बहुधा मूळच्या सहाव्या, चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शानें करतात. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' मधील रॉबी हा यंत्रमानव सुमारें सात फूट उंच. सहाव्या हिश्शानें तो चौदा इंच होतो. त्याच्या डोक्यावर पारदर्शक घुमट असून आंत चक्रें फिरतांना दिसतात. लहान प्रतिकृतींत या घुमटाची जाडी दोन मिलिमीटर ठेविली, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती मूळच्या हिशेबानें बारा मिलिमीटर भासते, आणि रॉबीचें डोकें लोणच्याच्या बरणीसारखें दिसूं लागतें! माप काटेकोर असूनहि पुतळा खोटा वाटतो तो अशा कारणांनीं.

याच रॉबीचा चित्रपटांत वापरलेला मूळ सांगाडा, त्याच्या वाहनासह, २१ नोव्हेंबर २०१७ रोजीं न्यूयॉर्क येथें बोनहॅम्स या लिलांव-संस्थेच्या विक्रींत ५३,७५,००० डॉलरांस गेला. असे आंकडे ऐकून पुष्कळांचीं डोकीं फिरतात आणि आपल्या फडताळांतील प्रतिकृतिहि अशीच कधीं तरी मोहरांचा हंडा ठरेल, अशी आशा ते बाळगतात. तो मूळ सांगाडा एकमेव आहे. प्रतिकृतींची गोष्ट निराळी. पुतळ्याच्या बैठकीखालीं क्रमांक घातलेला असतो, सोबत प्रमाणपत्र असतें, आणि 'मर्यादित आवृत्ति' हे शब्द खोक्यावर ठळक छापलेले असतात; पण ती मर्यादा दोनशेंची आहे कीं तीन हजारांची, हें कितीजण पाहतात? पहिल्या क्रमांकासाठीं ज्यादा पैसे मोजणें हा तर शुद्ध भ्रम होय. ताम्रपटावरून छापलेल्या चित्रांत आरंभींचे ठसे खरोखरच अधिक स्पष्ट उमटतात, कारण पट झिजत जातो. येथें रबरी साचे झिजले कीं बदलतात. त्यामुळें तिसरा पुतळा तीनशेंव्यापेक्षां सरस असण्याचें कांहींच कारण नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. यांतील पुष्कळ पुतळे आगाऊ पैसे भरून, कित्येकदां हप्त्यांनीं, मागवावे लागतात आणि खोकें हातीं येतें तें वर्ष-दीड वर्षानें. जाहिरातींत जें छायाचित्र असतें तें कुशल कारागिरानें सावकाश रंगविलेल्या पहिल्या नमुन्याचें. घरीं येतो तो कारखान्यांत शेंकड्यांनीं रंगविलेल्यांपैकीं एक. म्हणून चेहऱ्याकडे, त्यांतहि डोळ्यांच्या आखणीकडे, प्रथम पाहावें. बुबुळ केसभर सरकलें कीं, मोठा पराक्रमी वीर भांबावलेला दिसतो. त्यानंतर बोटें, आणि सांध्याची रेघ घांसून काढली आहे कीं नुसती रंगाखालीं दडपली आहे, हें पाहावें.

नकली पुतळ्याची ओळख याहून सोपी आहे. खऱ्या पुतळ्यावरूनच साचा घेऊन तो ओतलेला असतो. कृत्रिम राळ घट्ट होतांना किंचित् आकसते. म्हणून नक्कल मुळापेक्षां थोडी लहान भरते आणि तिच्यावरील बारीक कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. उंची मोजण्यास लागणारी एक फूटपट्टी अशा वेळीं प्रमाणपत्राहून अधिक उपयोगी पडते.

द्रव्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. राळेंत दगडाची भुकटी मिसळून केलेलें पॉलिस्टोन जड व थंड लागतें, त्यांत कोरीवकाम उत्तम उतरतें. पण पडलें कीं बशीसारखें फुटतें. पीव्हीसी फुटत नाहीं; मात्र उष्म्यांत त्याचे घोटे वांकतात, पुतळा पुढें झुकतो आणि कांहीं वर्षांनीं त्याचें अंग चिकट होऊं लागतें. पारदर्शक राळ उन्हांत पिवळी पडते. खिडकीशीं मांडलेला संग्रह हा त्यामुळें थोड्याच वर्षांचा सोबती असतो.

पारखीचा सर्वांत कठीण प्रसंग येतो तो १९७९ च्या 'एलियन' मधील प्राण्याच्या वेळीं. एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराच्या कल्पनेंतून निघालेला हा प्राणी बोलाजी बाडेजो या साडेसहा फुटांहून उंच नायजेरियन तरुणानें पडद्यावर वावरविला. परंतु दिग्दर्शक रिड्ले स्कॉट यानें तो अंधारांत इतका लपविला कीं, प्रेक्षकाला कधीं जबडा, कधीं हात, कधीं शेंपूट एवढेंच दिसतें. पुतळा मात्र सर्व बाजूंनीं पूर्ण करावा लागतो, आणि दुकानाच्या भगभगीत उजेडांत त्याच्या बरगड्या मोजतां येऊं लागल्या कीं, ती भीति कोठच्या कोठें पळून जाते. हा पुतळा तपासणाऱ्यानें दुकानदाराला उजेड कमी करावयास सांगावें आणि एकच दिवा एका बाजूनें धरून सावकाश फिरवावा. पहिल्या चित्रपटांतील त्या प्राण्याच्या लांबट डोक्यावर अर्धपारदर्शक कवच असून त्याखालीं पुढच्या बाजूस मानवी कवटी बसविलेली होती. दिवा सरकतांना त्या कवचाखालीं डोळ्यांच्या खाचा क्षणभर दिसून पुन्हा नाहींशा होत असतील, तर तो पुतळा घेण्यास हरकत नाहीं.