डोंबारी

निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता युद्धाची गोष्ट. माझी गोष्ट चिमणीपेक्षाही लहान पक्ष्याची आहे.

डोंबारी हा चंडोलाच्या कुळातला. सोलापूर, बीदर, सौराष्ट्र, कुठलंही कोरडं, उघडं माळरान घ्या, तो भेटतो. नराचं पोट काळंकुळकुळीत, माथा राखाडी. मादी मातकट. ढेकळाशेजारी बसली तर चार पावलांवरून दिसायची नाही. आम्ही गाड्या लपवायला जाळ्या पसरायचो, चिखल फासायचो. ही नुसती बसते!

विणीच्या दिवसांत नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि मध्येच पंख उघडून त्याच वेगात पुन्हा वर. पडताना लांब शीळ घालतो. पुन्हा पुन्हा. नाव पडलं ते या कसरतीवरून.

घरटं म्हणजे गवताच्या झुपक्याशी जमिनीत उथळ खळगा, आत गवत, केस, काठाला बारीक खडे. अंडी दोन किंवा तीन. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात. झाडावर हा पक्षी बसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

नव्वदच्या दशकात दख्खनवरच्या एका छावणीत होतो. वृक्षारोपणाचं काम माझ्याकडे आलं. समोर माळ होता, सगळे त्याला पडीक म्हणायचे, मीही म्हणायचो. जवानांकडून खड्डे खणवून घेतले, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं, टँकरने पाणी घातलं. रोपं जगली. शाबासकी मिळाली, फोटो निघाला. फोटो अजून घरी आहे.

तीन वर्षांनी कामानिमित्त परत गेलो. डोक्याच्या वर सावली. शीळ नाही. अर्धा तास थांबलो. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. तिथे लागवड पोचली नव्हती, नुसतं कुसळी गवत आणि मुरूम. पहिल्या पाच मिनिटांत नर वर चढला.

शत्रूचा इलाखा असता तर आधी रेकी केली असती, तिथे कोण राहतं ते पाहिलं असतं. इथे नकाशावर मोकळी जागा दिसली आणि खड्डे मोजले.

आता गावाकडे कुणी माळावर झाडं लावायला बोलावलं की मी एक सकाळ मागून घेतो. दुर्बीण, वही, पाण्याची बाटली. उन्हाळ्याच्या तोंडाशी चला. पाय मात्र बघून टाका.