नोटरीचा शिक्का : अधिकार आणि उत्तरदायित्व

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथील व्याख्यानाचा मजकूर)



कडा हे आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि या गावाला स्थानक लाभले. बाजारपेठ वाढली की व्यवहार वाढतात, रस्त्यालगतच्या जमिनीला भाव येतो आणि व्यवहारांमागोमाग कागदही वाढतात. विसारपावती, साठेखत, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र, उचलीचा करारनामा असे नाना प्रकारचे कागद ग्रामीण माणसाच्या हाती येतात. त्यांपैकी पुष्कळ कागदांवर एक गोल शिक्का असतो. तो शिक्का पाहिला की कागद ‘पक्का’ झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे. कारण तिच्या भरवशावर अनेक कुटुंबांनी आयुष्याची पुंजी गुंतविलेली असते.

पदाचा इतिहास

नोटरी हे पद मूळचे व्यापाराच्या गरजेतून निर्माण झालेले आहे. हुंडी वटविण्यास कोणी नकार दिला, तर त्या नकाराची नोंद करणारा तटस्थ आणि विश्वासू मनुष्य व्यापारी पेढ्यांना हवा असे. ब्रिटिश अमदानीत १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमात नोटरींच्या नेमणुकीची तरतूद होती. कलम १३८ म्हटले की आज धनादेश न वटल्याचा खटला आठवतो; परंतु मूळ अधिनियमात हेच कलम नोटरींच्या नेमणुकीचे होते. नोटरींसाठी स्वतंत्र कायदा झाल्यावर ते रद्द झाले आणि १९८८ च्या दुरुस्तीने त्याच क्रमांकावर धनादेशाविषयीची तरतूद आली.

हा स्वतंत्र कायदा म्हणजे १९५२ चा नोटरी अधिनियम. तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अंमलात आला. त्या वेळी बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. म्हणजे मराठवाड्याचे राज्य बदलण्यापूर्वीच हा कायदा येथे लागू झालेला होता.

नेमणूक आणि अधिकार

नोटरीची नेमणूक केंद्र शासन किंवा राज्य शासन करते. सामान्यतः किमान दहा वर्षे वकिली केलेली व्यक्ती या पदासाठी अर्ज करू शकते. महिला तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. नेमणूक झालेल्या व्यक्तीचे नाव शासनाच्या नोंदवहीत दाखल होते आणि तिला व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रात कार्यक्षेत्र नमूद असते. त्या क्षेत्राबाहेर शिक्का चालविण्याचा अधिकार नोटरीस नाही. शिक्काही कसा असावा, हे नियमांनी ठरविले आहे : पाच सेंटिमीटर व्यासाचा, साधा, गोल; त्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव असावे लागते.

अधिनियमाच्या आठव्या कलमात नोटरीची कामे सांगितली आहेत. दस्तऐवजावरील सही साक्षांकित करणे, शपथ देणे व प्रतिज्ञापत्र घेणे, हुंडी किंवा वचनचिठ्ठी न वटल्याची नोंद करणे, एका भाषेतील दस्तऐवजाचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करणे व ते पडताळणे, ही त्यांतील प्रमुख कामे होत. न्यायालयाने निर्देश दिल्यास साक्षीपुरावा नोंदविणे आणि पक्षकारांनी सांगितल्यास लवाद वा मध्यस्थ म्हणून काम करणे, यांचा समावेश १९९९ च्या दुरुस्तीने झाला.

भाषांतराचे काम मराठवाड्यात विशेष महत्त्वाचे आहे. निजामी राजवटीतील महसुली दप्तर उर्दूत आहे आणि जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा या दप्तराचे मोल सर्वांच्या ध्यानात आले. ज्या नोटरीस ती भाषा वा लिपी स्वतः येत नाही, त्याने दुसऱ्याच्या भाषांतरावर डोळे झाकून शिक्का मारणे म्हणजे जे वाचलेच नाही त्याची ग्वाही देणे होय.

शिक्का कशाची ग्वाही देतो?

नोटरीचा शिक्का मुख्यतः एवढेच सांगतो की अमुक व्यक्ती अमुक दिवशी समक्ष हजर होती, तिची ओळख पटली, आणि तिने मजकूर समजून घेऊन सही किंवा अंगठा केला. मजकूर खरा आहे, जमीन विकणाऱ्याची आहे, किंवा व्यवहार कायद्यास धरून आहे, याची हमी तो शिक्का देत नाही.

तरीही ही ग्वाही लहान नव्हे. नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र योग्य रीतीने झाले आहे, असे पुराव्याच्या कायद्यानुसार न्यायालय गृहीत धरते. हे गृहीत चुकीचे आहे, हे दाखविण्याचा भार विरुद्ध पक्षावर पडतो. कायद्याने एवढा विश्वास टाकला आहे तो एकाच आधारावर : सही होताना नोटरी स्वतः तेथे होता आणि त्याने पाहिले होते. सही करणारा घरी, कागद मध्यस्थाच्या हाती आणि शिक्का कार्यालयात, असे घडले की तो आधारच नाहीसा होतो.

जमिनीचे व्यवहार

जमीन, प्लॉट किंवा घर यांची खरेदी शंभर रुपये वा अधिक किमतीची असल्यास ती केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ यांची ही आज्ञा आहे. दस्त लिहून सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे सादर करावयाचा असतो. मुद्रांकावर मजकूर लिहून त्यावर नोटरीचा शिक्का घेतल्याने मालकी हस्तांतरित होत नाही आणि त्या कागदाच्या आधारे सातबारावर खरेदीदाराचे नावही लागत नाही. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी जोडी जमवून केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. साठेखत करून ताबा घेतला असेल, तरी तो ताबा राखण्यासाठी कायद्याचे जे संरक्षण आहे, ते २००१ पासून साठेखत नोंदणीकृत असल्याशिवाय मिळत नाही.

एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांबाबत ही गोष्ट अधिकच लक्षात ठेवली पाहिजे. तुकडेबंदीमुळे ज्यांची नोंदणी होत नव्हती, असे पुष्कळ व्यवहार नोटरीच्या कागदावर झाले. काही क्षेत्रांपुरते ते निर्बंध २०२५ साली शिथिल करण्यात आले. तथापि मालकी अखेर नोंदणीकृत दस्तानेच मिळावयाची आहे. भावाने पैसे मोजावेत, घर बांधावे, आणि मूळ मालकाच्या वारसांनी पुढे तीच जागा दुसऱ्यास नोंदणीकृत खताने द्यावी, अशा वेळी नोटरीचा कागद हाती असलेल्या माणसाला न्यायालयाची दीर्घ वाट चालावी लागते.

बहिणींच्या हक्कसोडपत्राचेही असेच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्याने दिला. तो हक्क स्वेच्छेने सोडावयाचा असल्यास हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते. सणासुदीला माहेरी आलेल्या बहिणीची मुद्रांकावर सही घ्यावयाची आणि नंतर शिक्का मारून आणावयाचा, याला कायद्याचा आधार नाही. अशा प्रसंगी नोटरीचे कर्तव्य त्या भगिनीला समोर बसवून, मजकूर तिला वाचून दाखवून, ‘हा हक्क सोडावयाचा आहे काय?’ असे स्पष्ट विचारणे हे आहे. आणि या कागदास नोंदणी लागेल, हे सर्वांना सांगणे हेही आहे.

ऊसतोड कामगार आणि उचल

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते व तिचा करारनामा होतो. या करारनाम्यात नोटरीची जबाबदारी सर्वांत नाजूक आहे. सही करणारा पुष्कळदा अल्पशिक्षित असतो, गरज तातडीची असते आणि मुद्रांकावर रकमेची जागा कोरी ठेवण्याचा आग्रह धरला जातो. कोऱ्या किंवा अपूर्ण कागदावर शिक्का देणे हा नोटरीच्या कर्तव्याचा उघड भंग होय. उचलीची रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहिलेली आहे, नवरा व बायको यांच्या कोयत्याचा हिशेब स्पष्ट आहे, आणि दोघांची नावे असतील तर दोघेही समोर हजर आहेत, एवढे पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये.

वेठबिगार पद्धती उच्चाटन अधिनियम १९७६ साली झाला. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला नाममात्र मजुरीवर राबविणारा, किंवा अन्यत्र काम करण्याचे वा हिंडण्याफिरण्याचे त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणारा करार त्या कायद्याने रद्दबातल ठरतो. कोणताही शिक्का अशा कराराला जीव देऊ शकत नाही.

हंगामात सहा-सहा महिने गाव सोडणारी कुटुंबे भावाला वा नातेवाईकाला मुखत्यारपत्र देऊन जातात. ते शक्यतो विशिष्ट कामापुरते असावे : पीकविमा, अनुदान, बँकेचे काम, असा नेमका उल्लेख असावा. सर्व अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रात जमीन विकण्याचाही अधिकार नकळत जाऊ शकतो. तसेच आपल्या वतीने दस्त नोंदणीस सादर करण्यासाठी द्यावयाचे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोरच अधिप्रमाणित व्हावे लागते. तेथे नोटरीचा शिक्का पुरत नाही.

जेथे नोटरीची गरज नाही

नागरिकाचा पैसा आणि वेळ वाचविणे हेही माहितीचे एक फळ आहे. अनेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतः साक्षांकित केलेली प्रत स्वीकारण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ साली घेतला. शासकीय कार्यालयात व न्यायालयात दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचे शंभर रुपयांचे किमान शुल्क पाचशे रुपये झाले, त्यामुळे ही सवलत माहीत असणे अधिक अगत्याचे ठरले आहे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोटरी आवश्यक नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. विवाह लावणे किंवा घटस्फोट देणे हे तर नोटरीचे कामच नव्हे. असे लेख नोटरींनी करू नयेत, अशी ताकीद केंद्रीय विधि मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली आहे. नोटरीच्या कागदावर ‘सोडचिठ्ठी’ घेतलेल्या स्त्रीचा विवाह कायद्याच्या दृष्टीने कायमच असतो, आणि दुसऱ्या विवाहाची आपत्ती तिच्यावर व तिच्या मुलांवर कोसळते.

दोन्ही बाजूंची जबाबदारी

नोटरीने प्रत्येक कामाची नोंद क्रमवार नोंदवहीत ठेवावयाची असते. ही नोंदवही जिल्हा न्यायाधीशांना किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला वर्षातून जास्तीत जास्त दोनदा तपासता येते, असा नियम आहे. शुल्काचे दरपत्रक कार्यालयाच्या आत आणि बाहेर ठळकपणे लावणेही बंधनकारक आहे. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोटरीचे नाव शासनाच्या नोंदवहीतून काढून टाकता येते. आणि त्यासाठी नेमणूक करणाऱ्या शासनाकडे रीतसर तक्रार करण्याचा मार्ग नागरिकास मोकळा आहे.

नागरिकाचीही काही कर्तव्ये आहेत. नोटरीसमोर स्वतः जावे. मजकूर वाचावा; वाचता येत नसेल तर विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावा. कोऱ्या जागेवर रेघ ओढून घ्यावी. नोंदवहीत सही करावी, नोंदीचा क्रमांक व दिनांक कागदावर आला आहे ना हे पाहावे आणि एक प्रत घरी ठेवावी. शपथेवर खोटे सांगणे हा गुन्हा आहे, याचेही भान हवे. भारतीय न्याय संहितेनुसार न्यायालयीन कामकाजातील खोट्या पुराव्यास सात वर्षांपर्यंत, तर अन्य प्रसंगी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

अर्जनवीस, मुद्रांक विक्रेता, वकील, नोटरी आणि दुय्यम निबंधक ही ग्रामीण व्यवहाराची साखळी आहे. या साखळीत नोटरीजवळ काही मिनिटांचेच काम असते. समोरच्या माणसाची ओळख पटवावयाची, त्याला मजकूर समजला आहे की नाही हे विचारावयाचे, आणि शंका आली तर शिक्का नाकारावयाचा. एक शिक्का नाकारल्याने नोटरीचे थोडे शुल्क बुडते. पण त्यामुळे एखाद्या भगिनीचा वाटा, एखाद्या कोयत्याची मजुरी किंवा एखाद्या कुटुंबाचे घर वाचू शकते. कडा आणि परिसराचा व्यवहार जसजसा वाढेल, तसतशी या काही मिनिटांची किंमत वाढत जाणार आहे. नोटरींनी ती मिनिटे प्रामाणिकपणे द्यावीत आणि नागरिकांनी ती हक्काने मागून घ्यावीत.