होडीवरील विजेचा जमाखर्च

ट्रॉम्बे कोळीवाड्यांतील होड्या ठाण्याच्या खाडींत मासेमारीस जातात. जवळच पिरपावच्या धक्क्याकडे तेलवाहू जहाजांची ये-जा असते. अशा पाण्यांत रात्रीं होडीचा दिवा विझणें म्हणजे प्राणाशीं गांठ.

दिव्याला वीज पुरवितें बॅटरी, आणि बॅटरी भरतो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर. साधें डीझेल इंजिन एकदां सुरू झालें कीं विजेवांचून चालतें, आणि येथेंच माणूस फसतो: इंजिन धडधडत असतें, बॅटरी मात्र गुपचूप रिती होत असते.

परीक्षा सोपी आहे. कांहीं तास स्वस्थ राहिलेल्या १२ व्होल्टांच्या शिशाच्या बॅटरीस व्होल्टमीटर लावावा. सुमारें १२.६ म्हणजे कोठार भरलेलें, १२.२ म्हणजे निम्में. मग इंजिन सुरू करावें. आंकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढून दिवे लावल्यावरही टिकला, तर भरणा ठीक आहे. चढला नाहीं, तर यंत्राला दोष देण्यापूर्वीं पट्टा सैल आहे काय, खाऱ्या हवेनें जोड गंजले आहेत काय, हें पाहावें. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला. बॅटरींतील पाणी आटूं लागतें.

चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची डायनामोच्या काळांतील खोड मात्र सोडावी. त्यानें आल्टरनेटरचे डायोड जळूं शकतात, आणि ठिणगीनें बॅटरीचा वायू भडकूं शकतो.

घरच्या मोटारीसही हाच नियम लागू आहे. खर्च डोळ्यांना दिसतो; जमा तपासावी लागते, आणि ती धक्का सोडण्यापूर्वींच.